परक्याला लावला असता तो भाव

लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर लिलावात उभा राहिला की भाव कळतो. व्यापारी बोली लावतात, पावती फाटते, आणि आज कुठल्या प्रतीला काय निघालं हे संध्याकाळपर्यंत तालुक्यात सगळ्यांना माहीत असतं. आता समजा, तोच ट्रॅक्टर बाजार समितीत न जाता थेट सख्ख्या भावाच्या गोदामात गेला. भाऊ परदेशात राहतो. पुढे तो हा माल किती डॉलरला विकतो ते इकडे कोणी पाहिलेलं नाही. आणि कागदावर भाव लिहिलाय, 'खर्च अधिक बारा टक्के'. हा भाव बरोबर आहे का? परक्या व्यापाऱ्याने काय दिला असता? (शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे उदाहरण समजण्यापुरतंच घ्या.)

आता कांद्याच्या जागी सॉफ्टवेअर ठेवा. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड, पंचवटी, कुठल्याही गल्लीत जा, दर दोन-चार घरांमागे एक पोरगा किंवा पोरगी हिंजवडीला, खराडीला नाहीतर बंगळूरला आहे. त्यातली बरीचशी ज्या कंपनीत काम करतात तिचं ग्राहक एकच असतं, अमेरिकेतली किंवा युरोपातली तिचीच आईकंपनी. मालक एक, दुकानं दोन. इकडचं दुकान कोड लिहून तिकडे पाठवतं आणि बिल लावतं. ते बिल किती लावायचं हे दोन्ही बाजूंनी एकच घर ठरवतं. बिल कमी लावलं तर भारतातला नफा कमी, म्हणजे भारतातला कर कमी. याला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात, आणि यावरून आयकर खातं आणि सॉफ्टवेअर कंपन्या गेली वीस-बावीस वर्षं कोर्टात आहेत.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. आकडेही आहेत. पण हा निव्वळ सीए लोकांचा विषय नाही. आपल्या पोरांच्या कामाची किंमत काय, हा प्रश्न या फायलींमध्ये जितक्या उघडपणे विचारला गेलाय तितका दुसरीकडे कुठेच विचारलेला मी पाहिला नाही.

सुरुवात मात्र सॉफ्टवेअरपासून होत नाही. ती माझगाव गोदीतून होते.

आज युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणारी माझगाव डॉक तेव्हा खासगी कंपनी होती. तिची मालकी पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन इंग्रज जहाज कंपन्यांकडे होती. या मालकांची जहाजं मुंबईत दुरुस्तीला यायची. आणि करार असा होता की मालकांच्या जहाजांची दुरुस्ती गोदीने नुसत्या खर्चात करून द्यायची, वर नफा लावायचा नाही. परक्या जहाजांना मात्र नफा लावून बिल. आयकर खात्याने १९२२ च्या आयकर कायद्याचं कलम ४२(२) काढलं. त्याचा अर्थ थोडक्यात असा, की परदेशातल्या माणसाशी असलेल्या जवळच्या संबंधामुळे इथल्या धंद्याला नफाच होणार नाही किंवा नेहमीपेक्षा कमी होईल अशी रचना केली असेल, तर जो नफा व्हायला हवा होता त्यावर कर लावता येतो. कंपनीचं म्हणणं होतं, ते आमच्याशी कुठे धंदा करतात, ते तर फक्त जहाज दुरुस्तीला देतात. १९५८ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि कंपनी हरली. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, सरकारने गोदीच विकत घेतली.

फिटर, वेल्डर, लोहार यांनी मुंबईच्या उन्हात केलेलं काम मालकाला लागतमूल्यात, आणि त्या कामावरची कमाई लंडनच्या वह्यांत. हा नमुना लक्षात ठेवा. पुढच्या पन्नास वर्षांत हत्यारं बदलली, हिशेब तोच राहिला.

१९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ही सरकारी योजना आली. पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर ही तिची सुरुवातीची केंद्रं. निर्यातीच्या नफ्यावर कलम १०अ खाली करमाफी होती. परदेशी कंपन्यांनी इकडे स्वतःच्या शाखाकंपन्या काढायला सुरुवात केली. उपग्रहाची तबकडी लावा, इंजिनिअर भरा, कोड पाठवा. माल बंदरातून जात नाही, कस्टमवाला बघत नाही, वजनकाटा नाही. जुन्या कायद्यात दोन ओळींचं कलम होतं, ते एवढ्यासाठी पुरणारं नव्हतं. शेवटी २००१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हांनी कलम ९२ च्या जागी ९२ पासून ९२एफ पर्यंतची पूर्ण रांग उभी केली. भाव काढायच्या पद्धती ठरल्या, कंपनीने कोणते कागद ठेवायचे ते ठरलं, आणि खात्यात एक नवा अधिकारी जन्माला आला, ट्रान्सफर प्रायसिंग ऑफिसर. सुरुवातीला नियम असा होता की असे व्यवहार वर्षाला पाच कोटींच्या वर गेले की फाइल त्याच्याकडे पाठवायची. पुण्यातल्या मध्यम कंपनीलासुद्धा पाच कोटी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे जवळजवळ सगळ्याच गेल्या.

आता हा अधिकारी काय करतो ते नीट सांगतो, कारण सगळी भांडणं इथेच आहेत.

कोडचा लिलाव होत नाही. लासलगावसारखा फलक नाही. म्हणून तो उलट बाजूने जातो. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या पण परक्या गिऱ्हाइकांसाठी करणाऱ्या भारतीय कंपन्या शोधायच्या. त्यांना खर्चावर किती टक्के नफा होतो ते पाहायचं. त्याची सरासरी काढायची. तुमचा नफा त्यापेक्षा कमी असेल तर फरक तुमच्या उत्पन्नात मिळवायचा. कंपन्यांचे ताळेबंद शोधायला दोन खजिने वापरतात, प्रोवेस आणि कॅपिटलाइन. दोन्ही मुंबईचे.

उदाहरण घ्या. कंपनीचा वर्षाचा खर्च १०० कोटी, त्यात बहुतेक पगारच. आईकंपनीला बिल ११२ कोटींचं. नफा १२ टक्के. अधिकाऱ्याने सहा कंपन्या निवडल्या, त्यांचे नफे १०, १२, १३, १४, १५ आणि ८० टक्के. सरासरी किती? २४. म्हणजे कंपनीने १२ कोटी दडवले, ते मिळवा. एकट्या ८० वाल्या कंपनीने हा घोळ केला. तिला बाहेर काढा, सरासरी १२.८ वर येते आणि वाद संपतो, कारण कायद्यात पाच टक्क्यांची सवलत होती.

म्हणून दोन्ही बाजूंचं सगळं कसब एका कामात. यादीत कोणाचं नाव घालायचं आणि कोणाचं काढायचं. खातं जास्त नफ्याच्या कंपन्या शोधून आणणार, वकील त्या एकेक करून बाहेर काढणार. वधूवर सूचक मंडळात स्थळं बघावीत तसं. हिचं गोत्र जुळत नाही, हिचा पगार जास्त, हिच्या घरी स्वतःचं प्रॉडक्ट आहे. हे निकाल मी बरेच वाचलेत. शंभरातल्या ऐंशी पानांवर हेच.

पुण्याच्या ट्रिब्युनलसमोर ईगेन कम्युनिकेशनची फाइल आली होती. अमेरिकेतल्या ईगेनची पुण्यातली कंपनी, आकारणी वर्ष २००४-०५, निकाल २००८ चा. सुरुवातीच्या काळातला हा महत्त्वाचा निकाल, कारण ट्रिब्युनलने त्यात तुलनेची शिस्त सांगितली. कोणाकडे भांडवल किती अडकलंय, कोण जोखीम घेतं आणि कोण घेत नाही, नफ्यावर परिणाम करणारे असे फरक आधी हिशेबातून वजा करा, मग तुलना करा. साधी गोष्ट वाटते. पण उन्हाळ कांदा आणि लाल कांदा एका काट्यावर मोजू नका एवढं सांगायलासुद्धा चार वर्षं गेली.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, चंदीगडच्या स्पेशल बेंचने क्वार्क सिस्टिम्सचा निकाल दिला. कंपनी मोहालीची, पण त्यात आपल्याकडचं एक नाव अडकलेलं आहे. क्वार्कने तुलनेच्या यादीत स्वतःच डेटामॅटिक्सचं नाव घातलं होतं. हीच ती मुंबईची डेटामॅटिक्स, जिचं केंद्र नाशिकमध्येही आहे. नंतर क्वार्कच्या लक्षात आलं की डेटामॅटिक्सच्या नफ्यामुळे आपणच अडकतोय, म्हणून ते नाव काढा अशी मागणी केली. खातं म्हणालं, तुम्हीच दिलेलं नाव, आता मागे कसं घेता? स्पेशल बेंच म्हणालं, चूक दाखवून दिली तर ती तपासली पाहिजे, आधी नाव दिलं म्हणून करदात्याचं तोंड कायमचं बंद होत नाही. हा निकाल आजही पानोपानी उद्धृत होतो. डेटामॅटिक्सचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. तिने फक्त ताळेबंद छापला होता.

अशीच एक केएएलएस इन्फर्मेशन सिस्टिम्स. सामान्य माणसाने हे नाव ऐकलेलं असण्याची शक्यता शून्य, पण देशभरातल्या ट्रान्सफर प्रायसिंगच्या शेकडो निकालांत ते आहे. पुण्याच्या पीटीसी सॉफ्टवेअरच्या प्रकरणात खात्याने केएएलएस आणि हेलिओस अँड मॅथेसन या दोघींना तुलनेला बसवलं. २०१६ साली मुंबई हायकोर्टाने त्या बाहेर ठेवणं योग्य ठरवलं. मुद्दा हा, की स्वतःचं सॉफ्टवेअर प्रॉडक्ट विकणारी कंपनी आणि सांगितलेला कोड लिहून देणारी कंपनी यांचा नफा एका पारड्यात टाकता येत नाही.

आणि इन्फोसिस! खात्याला इन्फोसिसचा फार मोह. दिल्लीच्या ॲग्निटी इंडियाची उलाढाल १६ कोटी आणि इन्फोसिसची त्या वर्षीची ९,०२८ कोटी, तरी तुलना झाली. २०१३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती अमान्य केली. सायखेड्याच्या किराणा दुकानाचा नफा डी-मार्टच्या नफ्याशी लावून बघण्यातला प्रकार आहे हा.

गोव्यात तर आपल्याच हायकोर्टाच्या पणजी खंडपीठापुढे हे आलं. पेंटेअर वॉटर, पाणी शुद्धीकरणातली कंपनी, तिच्या परदेशी बहिणींना ती संगणकावरच्या सेवाही पुरवायची. उलाढाल ११ कोटींच्या आसपास. तुलनेला एचसीएल कॉमनेट (२६० कोटी), इन्फोसिस बीपीओ (६४९ कोटी) आणि विप्रो (९६१ कोटी). मार्च २०१६ मध्ये कोर्टाने सांगितलं की या फार मोठ्या आणि वेगळ्या कंपन्या आहेत, यांच्या नफ्यावरून हिचा नफा मोजता येणार नाही. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने क्रिसकॅपिटलच्या प्रकरणात म्हटलं होतं की नुसता नफा किंवा उलाढाल जास्त आहे एवढ्या कारणावर कंपनी वगळता येत नाही. म्हणजे पणजीत एक, दिल्लीत दुसरं. वकिलांची चांदी झाली नसती तरच नवल.

सरासरीचा तो ८० टक्केवाला घोळ सरकारच्या लक्षात यायला २०१४ उजाडलं. मग नियम बदलला. सहा किंवा जास्त कंपन्या असतील तर सरासरी नाही, नफे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला पट्टा घ्यायचा. वरच्या उदाहरणात पट्टा येतो १३ ते १४ टक्के. २४ कुठे आणि १४ कुठे. पण हा नियम २०१४-१५ पासूनच्या व्यवहारांना. त्याआधीच्या तेरा वर्षांच्या फायली जुन्याच गणितावर भांडत राहिल्या.

यात एक जुनं कोडं आहे. कलम १०अ ची करमाफी ३१ मार्च २०११ पर्यंत होती. म्हणजे २००२ ते २०११ या काळात यातल्या बऱ्याच कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावर भारतात कर जवळपास नव्हताच, आणि अमेरिकेत मात्र भरपूर होता. मग कोणता शहाणा माणूस नफा भारतातून काढून अमेरिकेत नेईल? उलट तो इकडे जास्त दाखवेल. कंपन्यांनी हाच युक्तिवाद केला. बंगळूरच्या स्पेशल बेंचने ॲझटेक सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २००७ मध्ये तो फेटाळला. कर चुकवायचा हेतू होता की नव्हता हे खात्याने सिद्ध करायची गरज नाही, भाव चुकला एवढं पुरे. आणि कायद्यात आणखी एक खिळा होता. अधिकाऱ्याने वाढवलेल्या उत्पन्नाला करमाफी लागू नाही. म्हणजे कंपनीने स्वतः शंभर दाखवले तर कर शून्य, अधिकाऱ्याने बारा वाढवले तर त्या बारांवर पूर्ण कर. कंपन्या चिडल्या ते मला समजू शकतं. इथे खात्याची बाजू मला पटत नाही. करमाफी देऊन बोलवायचं आणि मागच्या दाराने वसूल करायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

पण कंपन्यांचीही बाजू ऐकून घ्या, त्यांच्याच तोंडून.

भाव कमी का, हे पटवायला कंपनीला सांगावं लागतं की आमचं काम साधं आहे. कायद्याच्या भाषेत याला कामाचं, मालमत्तेचं आणि जोखमीचं विश्लेषण म्हणतात. त्यात लिहिलेलं असतं की सगळी कल्पना आईकंपनीची, आराखडा तिचा, बाजाराची जोखीम तिची, पेटंट आणि कॉपीराइट तिचं. इथली कंपनी सांगितलं तेवढं करते, म्हणून तिला खर्चावर ठरलेले टक्के मिळाले की पुरे. आता त्याच प्रकारच्या कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती वाचा. 'जागतिक संशोधन केंद्र', 'इनोव्हेशन हब', 'इथूनच प्रॉडक्टची दिशा ठरते'. कॉलेजात येऊन पोरांना सांगायचं तुम्ही जग बदलणार आहात, आणि ट्रिब्युनलमध्ये वकिलाने उभं राहून सांगायचं की हे लोक सांगकामे आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. यातलं कोणतं खोटं आहे हे प्रत्येक कंपनीगणिक वेगळं असेल, पण विचारायला हवं.

सरकारने हे विचारलं, नाही असं नाही. २०१२ च्या जुलैमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे माजी अध्यक्ष एन. रंगाचारी यांची समिती नेमली. मार्च २०१३ मध्ये मंडळाने संशोधन केंद्रांबद्दल परिपत्रकं काढली आणि जूनमध्ये त्यातलं एक मागे घेऊन दुसरं सुधारून काढलं. त्यातला मुद्दा असा, की जोखीम परदेशातल्या कंपनीची आहे हे कागदावर लिहून भागणार नाही. निर्णय घेणारी माणसं खरंच तिकडे आहेत का, की सगळं डोकं इकडचं आणि तिकडे फक्त पाटी, हे पाहिलं जाईल. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं खात्याचं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य. पण ते वापरायला अधिकाऱ्याला कंपनीत जाऊन माणसांशी बोलावं लागतं. प्रोवेसमधून ताळेबंद काढणं सोपं असतं.

आणखी एक मुद्दा, जो नाशिककरांना जास्त लागू आहे. अमेरिकेतलं काम इकडे आणल्यावर जो पैसा वाचतो, तो कोणाचा? तिकडच्या इंजिनिअरच्या पगारात इकडचे कित्येक बसतात. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या ट्रान्सफर प्रायसिंग पुस्तिकेत आपली बाजू मांडताना ठासून सांगितलं होतं की या बचतीचा वाटा भारताला मिळायला हवा. खात्याने काही प्रकरणांत तसा वाटा लावूनही पाहिला. पण मुंबई ट्रिब्युनलने २०१५ मध्ये वॉटसन फार्माच्या प्रकरणात (कंपनी औषधांची, पण तत्त्व तेच) म्हटलं की तुलना इथल्याच स्थानिक कंपन्यांशी केली असेल तर ही बचत वेगळी मोजायचं कारण नाही. इथे स्वस्तात काम करणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, मग स्वस्ताईचा फायदा गिऱ्हाइकाला जाणारच.

तर्क म्हणून हे चुकीचं नाही. कांद्याच्या बाजारातही हेच होतं. पण याचा अर्थ काय होतो बघा. बिल जर पगारावर टक्के लावून काढायचं असेल, तर पगार जितका कमी तितकं बिल कमी. पुण्यापेक्षा नाशिकमध्ये माणूस स्वस्त पडतो म्हणून काम इकडे हलवलं, तर इकडच्या कंपनीचा खर्च घटतो, टक्के तेच, आणि भारतात दिसणारा नफाही घटतो. वाचलेला पैसा समुद्रापार. आमच्याकडे आयटी पार्क आणा असं प्रत्येक निवडणुकीत मागणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं. नोकऱ्या हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण नोकरी सोडून इथे काय उरतं? कंपनीचा आयकर दिल्लीला जातो. त्यातला वित्त आयोगाने ठरवलेला वाटा (पंधराव्या आयोगाप्रमाणे २०२१-२६ साठी ४१ टक्के) सगळ्या राज्यांत मिळून वाटला जातो. त्यातून महापालिकेपर्यंत काय येतं ते आपण रस्त्यांवर बघतोच.

नाशिकमध्ये डब्ल्यूएनएसचं केंद्र आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या कितीतरी पोरांची पहिली नोकरी तिथली. १९९६ साली ब्रिटिश एअरवेजने मुंबईत स्वतःच्या मागच्या कामांसाठी हा विभाग सुरू केला, २००२ मध्ये वॉरबर्ग पिंकसने त्यातला मोठा हिस्सा घेतला आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपनीची नोंदणी झाली. गटाची वरची कंपनी इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावर नोंदलेली. अमेरिकी नियामकाकडे दिलेल्या वार्षिक अहवालांत या कंपनीने वर्षानुवर्षं एक परिच्छेद दिलेला आहे. भारतातल्या करखात्याने ट्रान्सफर प्रायसिंगवरून आकारणी वाढवली आहे, कंपनीला ती मान्य नाही, अपील सुरू आहे. मी आरोप करत नाहीये. कंपनीने स्वतःच छापलेली नोंद आहे, आणि अशी नोंद या धंद्यातल्या जवळपास प्रत्येक गटाच्या अहवालात सापडते. २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने ही कंपनी ३.३ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. म्हणजे माणसं तीच, शहर तेच, आईकंपनी तिसरी.

२०१२ ते २०१५ या काळात सरकार आणि कंपन्या दोघंही दमले होते. त्यातच व्होडाफोनने देशाचं नाव जगभर केलं. कॉल सेंटरवाल्या व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेसने मॉरिशसच्या आईकंपनीला शेअर ८,५१९ रुपयांना दिला, खातं म्हणालं त्याची किंमत ५३,७७५ रुपये होती, राहिलेला फरक उत्पन्न समजा. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते रद्द केलं. भांडवल घेणं म्हणजे उत्पन्न नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने अपील करायचं नाही असं ठरवलं. हा सॉफ्टवेअरचा वाद नव्हता, पण वातावरण बदललं ते त्यानंतर.

त्याच महिन्यात अमेरिकेशी एक चौकट ठरली. सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणाऱ्या सेवांची सुमारे दोनशे जुनी प्रकरणं दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून मिटवायची. वर्षभरात त्यातली शंभराहून जास्त मिटली. कोर्टात दहा वर्षांत जे झालं नाही ते टेबलावर बसून झालं. त्याआधी २०१२ मध्ये आगाऊ कराराची सोय आली होती. पुढच्या पाच वर्षांचा भाव आत्ताच खात्याशी बसून ठरवा. पहिले पाच करार मार्च २०१४ मध्ये झाले, आणि २०२४-२५ या एका वर्षात १७४. शिवाय ठरावीक टक्के दाखवले तर खातं प्रश्नच विचारणार नाही, अशी सोय सप्टेंबर २०१३ मध्ये केली. सॉफ्टवेअरसाठी ५०० कोटींपर्यंत २० टक्के, त्यावर २२. एवढं कोण देणार? फारसं कोणी फिरकलं नाही. २०१७ मध्ये ते १७ आणि १८ टक्क्यांवर आणलं.

हे सगळं पुढच्या वर्षांसाठी. मागच्या फायलींचं काय? २०१८ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने सॉफ्टब्रँड्सच्या निकालात हात झटकले. कोणती कंपनी यादीत घ्यायची हा तपशिलाचा प्रश्न आहे, ट्रिब्युनलने ठरवलं ते शेवटचं, आमच्याकडे येऊ नका. बऱ्याच फायली त्या एका निकालावर बंद झाल्या. मग १९ एप्रिल २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सॅप लॅब्सच्या प्रकरणात उलट सांगितलं. ट्रिब्युनलने भाव ठरवताना कायदा आणि नियम पाळले का, हे हायकोर्ट तपासू शकतं, ट्रिब्युनलचा शब्द दर वेळी शेवटचा असा सरसकट नियम नाही. ढीगभर प्रकरणं पुन्हा हायकोर्टांकडे गेली आणि ती नऊ महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करा असं सांगितलं गेलं.

त्यातली काही प्रकरणं वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या व्यवहारांची आहेत. तो कोड ज्या मशीनवर चालायचा ती मशीन भंगारात गेली असेल.

ट्रिब्युनलचे निकाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. तुम्ही किंवा घरातलं कोणी अशा कंपनीत असेल तर तिचं नाव टाकून शोधा. पहिल्या चार-पाच पानांत कंपनी स्वतःचं काम काय म्हणून सांगते ते असतं. ते वाचा, आणि तुम्ही रोज जे काम करता त्याच्याशी जुळतं का ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.